संकटाचा अर्थ कोणी सांगावा?

गावात कोणावर अकस्मात आपत्ती आली म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो "कसे झाले?" हा, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो तो "का झाले?" हा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याने घटना पाहिली तो देतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र ज्याने काहीच पाहिले नाही तोही द्यावयास सिद्ध असतो. कोणी म्हणतो, हे त्याच्या कर्माचे फळ. कोणी म्हणतो, देवाने त्याची परीक्षा पाहिली. कोणी म्हणतो, ह्यातून त्याचे काही कल्याणच व्हावयाचे असेल. खाटेवर पडलेला मनुष्य हे सर्व ऐकत असतो. त्याच्या जखमेस ह्या बोलण्याने मलम लागते की मीठ, ह्याचा विचार बोलणारांपैकी फारच थोडे करितात. ह्या प्रश्नाचा शांतपणे विचार व्हावा, विशेषेकरून आमच्या उपदेशक बंधूंनी तो करावा, म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

ह्यासाठी आम्ही एक उदाहरण निवडिले आहे, ते प्रथमदर्शनी वाचकांस चमत्कारिक वाटेल. ते उदाहरण म्हणजे समुद्रात शार्क माशाच्या जबड्यातून वाचलेल्या माणसांचे. ह्या माशाच्या लहान जातींस आमच्या कोकणकिनाऱ्यावर मुशी, मोरी म्हणतात आणि त्या बाजारात विकावयास येतात. परंतु मोठ्या जातींपैकी काही माणसाच्या दुप्पटतिप्पट लांबीच्या असतात. आमचे बहुतेक वाचक समुद्रापासून दूर राहणारे. त्यांस शार्कपेक्षा नाग, घोणस, बिबट्या व मारका बैल ह्यांचेच भय अधिक, आणि ते योग्यच आहे. साऱ्या जगात, न डिवचता शार्कने माणसास चावल्याच्या घटना वर्षाकाठी सुमारे ६० ते ७० नोंदल्या जातात आणि त्यांत सरासरी पाचसहा माणसे दगावतात. उलटपक्षी एकट्या भारतात २००० ते २०१९ ह्या २० वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे मेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिला आहे. तरीही हे संकट आमच्या प्रांतास अगदीच अपरिचित आहे असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात वैतरणेच्या खाडीत एका माणसाचा पाय शार्कने तोडल्याचे वृत्त वाचकांपैकी काहींच्या स्मरणात असेल.

मग हेच उदाहरण का? कारण असे की, ह्या आपत्तीत "का?" हा प्रश्न अगदी उघडावाघडा होऊन समोर उभा राहतो. भावकीच्या भांडणात कुऱ्हाडीचा घाव बसला तर घाव घालणाराचा राग हे कारण असते. दारूच्या धुंदीत गाडी उलटली तर दारू हे कारण असते. परंतु पाण्यात पोहणाऱ्या मुलाचा पाय माशाने तोडला, तेथे मुलाचा दोष कोणता आणि माशाचे वैर कोणते? माशास त्या मुलाचे नाव ठाऊक नाही, त्याची जात, त्याचा धर्म, त्याचे बरेवाईट आचरण ठाऊक नाही. तो भुकेने, किंवा गढूळ पाण्यात भक्ष्य ओळखण्यात चुकून, चावतो आणि निघून जातो. अशा वेळी अर्थ शोधणारास शोधावयाचा कोठे?

प्रथम शरीराच्या जखमेविषयी बोलू. अर्थाचा विचार करणारे लोक पुष्कळदा ही पायरी गाळतात, ते बरे नव्हे.

दिनांक ३१ ऑक्टोबर २००३ रोजी प्रशांत महासागरातील हवाई बेटांपैकी कावाई नामक बेटाजवळ बेथनी हॅमिल्टन ही १३ वर्षांची मुलगी लाटांवरून फळीने घसरण्याचा खेळ खेळत असता एका मोठ्या शार्कने तिचा डावा हात खांद्याच्या किंचित खालून तोडून नेला. तिच्या मैत्रिणीचा पिता जवळच होता. त्याने तिचा दंड घट्ट आवळून बांधला आणि रक्त थोपविले. रुग्णालयात पोहोचेपर्यंत तिच्या अंगातील निम्म्याहून अधिक रक्त गेले होते. त्याच सकाळी तेथे तिच्या पित्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. त्याच्यासाठी सिद्ध केलेली खोली कन्येस द्यावी लागली. त्यापूर्वी ४० वर्षे, म्हणजे ८ डिसेंबर १९६३ रोजी, दक्षिण ऑस्ट्रेलियातील ऑल्डिंगा येथे रॉडनी फॉक्स ह्या २३ वर्षांच्या तरुणास शार्कने छातीपोटाशी धरिले. त्याच्या फासळ्या मोडल्या, फुप्फुस उघडे पडले. पाण्यात बुडी मारण्याकरिता घातलेला त्याचा रबरी पोशाख मित्रांनी अंगावरून काढला नाही, म्हणून आतील अवयव जागच्या जागी राहिले. पुढे शस्त्रवैद्यांनी शेकडो टाके घालून त्याचे शरीर सांधले.

ह्या दोन्ही प्रसंगी जीव वाचला तो कशाने? एकाने दोर आवळला. दुसऱ्याने पोशाख काढण्याची घाई केली नाही. कोणी गाडी हाकली. कोणी रात्रभर रक्त चढवीत बसले. ह्या माणसांनी "हे का झाले?" असे विचारले नाही. ज्याला तातडीने काही करावयाचे असते त्याला त्या प्रश्नाकरिता सवड नसते, आणि नसावीच. सर्पदंश झालेल्या माणसाभोवती बसून कोणा देवाचा कोप झाला ह्याची चर्चा करणारे, आणि त्याला गाडीत घालून तालुक्याच्या रुग्णालयाकडे पळविणारे, ह्यांत त्या माणसाचे शेजारी कोण, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

टाके सुटले म्हणजे बरे झाले, असेही नाही. ज्याचा पाय गेला त्याला कित्येकदा त्याच नसलेल्या पायाची बोटे दुखतात, पोटरीत गोळे येतात. हे वेड नव्हे. अमेरिकेतील मिचेल नामक डॉक्टरांनी ह्या दुखण्यास १८७१ साली नाव दिले, आणि अलीकडे, गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात, मूळचे तमिळनाडूचे डॉक्टर रामचंद्रन ह्यांनी साध्या आरशाच्या साहाय्याने ते काही रोग्यांत कमी करून दाखविले. उरलेला हात आरशात पाहून हलविला म्हणजे गेलेलाच हात हलल्याचा भास मेंदूस होतो आणि आवळलेली मूठ जणू सुटते. तसेच रात्री दचकून उठणे, पाण्याचा नुसता आवाज ऐकून घाम फुटणे, उगाच संतापणे, माणसांत न मिसळणे, ही लक्षणेही पुष्कळांत दिसतात. अमेरिकेच्या मानसवैद्यांनी १९८० साली त्यांस एका स्वतंत्र विकाराचे स्थान दिले. ह्याचा अर्थ असा की, भ्याड म्हणून किंवा अल्पविश्वासी म्हणून अशा माणसास दोष देणे हे हाड मोडलेल्यास आळशी म्हणण्यासारखे आहे. मनास झालेली जखम हीही जखमच. तीही आपल्या वेळेने भरते, आणि कधी कधी पुरती भरत नाही.

आता "का?" ह्या प्रश्नाकडे वळू.

सर्वांत जुने उत्तर म्हणजे शिक्षेचे. परंतु ज्या समुद्रात त्या दिवशी शेकडो माणसे पोहत होती, त्यांतून एकट्या १३ वर्षांच्या मुलीस निवडून शिक्षा करण्याजोगे तिने काय केले होते? ईयोबाच्या मित्रांनी हेच उत्तर दिले होते आणि त्या ग्रंथाच्या शेवटी त्यांसच दोष लागला, हे आमचे वाचक जाणतात. जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारिले की पाप कोणाचे, तेव्हा त्यांसही तो हिशेब मिळाला नाही. मिळाले ते त्या अंधाचे डोळे उघडल्याचे दर्शन. तेव्हा निदान आम्हांस तरी हे उत्तर देण्याची मोकळीक नाही.

दुसरे उत्तर निरोपाचे. म्हणजे असे की, ती घटना हाच एक निरोप आहे. कोणीतरी तो पाठविला आहे. आपण तो वाचावयाचा. हे उत्तर पहिल्यापेक्षा सौम्य दिसते. परंतु त्यात एक अडचण आहे. एका वर्षी ६० जणांस शार्क चावला आणि त्यांतील सहा मेले, तर वाचलेल्या ५४ जणांस निरोप मिळाला, आणि मेलेल्या सहांस काय मिळाले? त्यांचा जीव दुसऱ्यांच्या उपदेशाकरिता खर्ची पडला असे म्हणावे काय? त्यांच्या आईबापांच्या दारी जाऊन हे वाक्य उच्चारण्याचे धैर्य ज्यास होणार नाही, त्याने ते घरी बसूनही उच्चारू नये.

आमचे मत असे आहे की, चाव्यात अर्थ नसतो. मासा हा निरोप्या नव्हे. घटना घडते, ती घडल्यावर मनुष्य तिला जे उत्तर देतो, त्या उत्तरात अर्थ असतो. शेतावर गारा पडल्या तर गारांत काही मजकूर लिहिलेला नसतो. परंतु गारांनी उभे पीक झोडपल्यावर कुणबी पुन्हा नांगर जुंपतो, शेजारी त्याला बियाणे देतो, ह्यात पुष्कळ मजकूर असतो आणि तो सर्वांस वाचता येतो. हे केवळ शब्दांचे खेळ नव्हेत, हे दाखविण्याकरिता काही हकिकती देतो.

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनजवळ मुइझेनबर्ग येथे ऑगस्ट २००६ मध्ये अहमत हासीम व त्याचा धाकटा भाऊ जीवरक्षकाचे शिक्षण घेत समुद्रात होते. शार्क भावाकडे वळलेला पाहून अहमतने पाणी बडवून त्याचे लक्ष आपल्याकडे ओढिले. भाऊ नावेत चढला. अहमतला नावेत ओढून घेण्यात आले तेव्हा त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला होता. स्वतः एक पाय गमावलेली नामांकित जलतरणपटू नताली दुत्वा ही त्याला भेटावयास आली आणि तिने त्याला पोहण्याच्या शर्यतीचा मार्ग दाखविला. २०१२ साली लंडन येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळविले. पुढे तो शार्क माशांचा संहार थांबवावा म्हणून देशोदेशी बोलू लागला.

हा शेवटचा भाग विचार करण्यासारखा आहे, कारण तो एकट्या हासीमचा नाही. रॉडनी फॉक्स ह्यांनी पाण्याखाली माणसास सुरक्षित बसता येईल असा पिंजरा बनविला, शार्कचा अभ्यास करणारांस समुद्रात नेले आणि जन्मभर त्या माशाच्या रक्षणाकरिता खटपट केली. अमेरिकेतील डेबी सालामोन ह्या वृत्तपत्रकार बाईंच्या टाचेची शीर २००४ साली शार्कने तोडली. आरंभी त्यांच्या मनात राग होता. पुढे त्यांनी आपल्यासारख्याच वाचलेल्या माणसांस एकत्र केले आणि २००९ साली ती मंडळी अमेरिकेच्या कायदेमंडळापुढे शार्कची बाजू मांडावयास गेली. कोणाचा हात नव्हता, कोणाचा पाय नव्हता. माणसे दरसाल सुमारे १० कोटी शार्क मारितात, असा अंदाज २०१३ साली शास्त्रज्ञांनी दिला. त्यांतील पुष्कळांचे केवळ पर कापून घेऊन धड समुद्रात फेकून देत असत. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेत जो कायदा झाला त्याने, पर अंगास असल्यावाचून शार्क किनाऱ्यास आणता कामा नये, असे ठरविले.

ही माणसे माशावर प्रेम करू लागली असे समजण्याचे कारण नाही. त्यांनी एवढेच ओळखिले की, ज्याने वैर केले नाही त्याच्यावर वैराचा सूड उगविणे व्यर्थ आहे. जखमी मनुष्याचा राग कोठेतरी जाऊ पाहतो. ज्याच्या घरी साप चावला तो पुढे दिसेल तो साप, विषारी असो वा बिनविषारी, ठेचीत सुटतो. आणि त्यात उंदीर खाणारी बिचारी धामणही मरते. हा राग समजण्याजोगा आहे. परंतु त्याने गेलेले माणूस परत येत नाही, आणि रागावणारा त्या एका दिवसाशी जन्मभर बांधलेला राहतो. ज्यांनी हा राग खाली ठेविला ते त्या दिवसातून पुढे निघाले. बरे होणे ह्याचा हा एक मोठा भाग आहे, असे आम्हांस वाटते.

येथे कोणी म्हणेल, "म्हणजे संकटातून गेलेला मनुष्य आपोआप चांगला होतो, असेच ना?" तसे मुळीच नाही, आणि ह्याचा दाखला आमच्या विषयातच आहे.

१७४९ साली क्यूबा बेटातील हवाना बंदरात ब्रूक वॉटसन नावाचा १४ वर्षांचा पोरका मुलगा जहाजावरून उतरून पोहत असता शार्कने त्याला दोनदा धरिले. सोबत्यांनी होडी नेऊन त्याला काढिले. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तीन महिन्यांत तो रुग्णालयातून बाहेर पडला आणि लाकडी पायावर उभा राहून त्याने मोठा व्यापार केला. १७९६ साली तो लंडन शहराचा लॉर्ड मेयर झाला. त्याच्या सुटकेचे चित्र कॉप्ली नामक प्रख्यात चित्रकाराने काढिले व ते १७७८ साली लंडनात लोकांपुढे मांडिले. त्या चित्रात होडीतील सर्वांत उंच आकृती एका काळ्या माणसाची आहे, आणि पाण्यातील मुलाकडे टाकलेला दोर त्याच्याच हाती आहे. तरुणांस बोध व्हावा ह्या हेतूने वॉटसनने मृत्युपत्रान्वये ते चित्र गरीब मुलांच्या एका शाळेस दिले.

येथवरची हकिकत बोधकथेसारखीच आहे. परंतु एप्रिल १७९१ मध्ये विल्यम विल्बरफोर्स ह्यांनी गुलामांचा व्यापार बंद करावा म्हणून इंग्लंडच्या पार्लमेंटात ठराव आणिला, तेव्हा हाच वॉटसन त्याच्या विरुद्ध बोलावयास उभा राहिला. त्याचे म्हणणे असे की, हा व्यापार देशास फायद्याचा आहे; शिवाय न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर धरिलेले जे हलके मासे दुसऱ्या कोणत्याही बाजारात खपत नाहीत, ते वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या अन्नासाठीच विकले जातात; तो व्यापार बुडाला तर मासेमारी बुडेल. ठराव ८८ विरुद्ध १६३ मतांनी फेटाळिला गेला. ब्रिटिश पार्लमेंटाने तो व्यापार बंद केला तो १८०७ साली. वॉटसनही त्याच वर्षी वारला.

ज्याने बालपणी पाण्यात गटांगळ्या खात दुसऱ्याच्या हाताची वाट पाहिली, त्याला जहाजाच्या तळाशी साखळदंडांत जखडलेल्या माणसांची हाक ऐकू आली नाही. त्याच्या धैर्यास आम्ही कमी लेखीत नाही. एका पायावर त्याने जे मिळविले ते थोडे नव्हे. परंतु ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दुःख मनुष्यास शिकवितेच असे नाही. ते दार उघडते. आत जावयाचे की नाही हे मनुष्य ठरवितो. "माझ्यावर आली, मी तरलो, आता प्रत्येकाने आपापले पाहावे," असेही दुःखातून शिकता येते. आणि "माझ्यावर आली, मला कोणी हात दिला, तेव्हा माझाही हात कोणासाठी तरी आहे," असेही शिकता येते. म्हणून कोणी म्हटले की संकटातून मला अर्थ सापडला, तर तो खरा की पोकळ हे ओळखण्याची एकच कसोटी आम्हांस दिसते. त्या अर्थाचे तोंड स्वतःकडेच वळलेले आहे, की दुसऱ्या कोणाकडे?

आणखी एक आक्षेप आहे, तो विचारवंतांचा. ते म्हणतात, हा सारा मनाचा खेळ आहे. सहन होत नाही म्हणून मनुष्य आपली समजूत घालितो व तिला अर्थ हे नाव देतो. ह्यात थोडे तथ्य आहे हे नाकारता येत नाही. परंतु समजूत आणि उत्तर ह्यांत अंतर आहे. "बरे झाले पाय गेला" असे म्हणणे ही समजूत. आणि ती बहुधा खोटी असते, कारण पाय परत मिळत असता तर म्हणणाराने तो आनंदाने घेतला असता. "पाय गेला हे वाईटच झाले, आता उरलेल्या पायाने मी काय करू?" असे म्हणणे हे उत्तर. ह्यात खोटे काहीच नाही. अमेरिकेतील टेडेस्की व कॅलहून ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या काळात ह्या गोष्टीचा पुष्कळ अभ्यास केला. त्यांस असे दिसले की, मोठ्या आघातानंतर पुष्कळ माणसांस आपल्यात काही वाढ झाल्याचे जाणवते. माणसांची किंमत अधिक कळते, नव्या वाटा सुचतात. परंतु त्यामुळे दुःख नाहीसे होत नाही. दोन्ही एकाच घरात एकत्र नांदतात. आणि ही वाढ सर्वांस होते असेही नाही. नाझींच्या छळछावणीतून वाचलेले व्हिएन्नाचे डॉक्टर फ्रांकल ह्यांनीही बजाविले आहे की, टाळता येण्याजोगे दुःख टाळावेच. अर्थाकरिता दुःख शोधीत जाणे हे शहाणपण नव्हे.

ज्यांस अर्थ सापडत नाही त्यांचे काय? ह्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्या हकिकती कोणी छापीत नाही. वर ज्यांची नावे आली त्यांच्यापाशी कुटुंब होते, डॉक्टर होते, पैसा नसला तरी तो उभा करून देणारे मित्र होते. ज्याच्या पोटापाण्याचा व्यवसायच पायावर चालतो, ज्याच्या घरी चार तोंडे आहेत, त्याचा पाय गेला म्हणजे त्याला प्रथम भाकरीची चिंता पडते. त्याने जर म्हटले की, "मला ह्यात काहीही अर्थ दिसत नाही," तर ते वाक्य पाप नव्हे. ते खरे वाक्य आहे, आणि खरे बोलणारापाशी निमूटपणे बसणे हे आपले काम आहे.

ह्यावरून आम्ही आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. संकटाचा अर्थ कोणी सांगावा? बेथनी हॅमिल्टन एका महिन्याच्या आत पुन्हा पाण्यात उतरली, एका हाताने फळी सावरावयास शिकली, आणि २००५ साली तिने आपल्या देशातील एक राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. आज ती हात किंवा पाय गमावलेल्या तरुण मुलींकरिता मेळावे भरविते. ती ख्रिस्ती आहे, आणि आपल्या आयुष्याविषयी देवाची योजना आहे ह्या विश्वासाने आपणांस धरून ठेविले, असे ती उघडपणे सांगत आली आहे. हे तिचे बोलणे आम्ही आदराने ऐकतो. परंतु तेच वाक्य, त्या ऑक्टोबरच्या दिवशी, रक्ताने माखलेल्या त्या मुलीच्या उशाशी उभे राहून दुसऱ्या कोणी उच्चारिले असते तर? शब्द तेच असते. तिच्या तोंडी ते साक्ष आहेत. त्याच्या तोंडी ते निकालपत्र झाले असते. साक्ष ज्याने भोगिले त्यानेच द्यावयाची असते. ती त्याच्या वतीने दुसऱ्याने दिली तर कोणत्याही कचेरीत चालत नाही. मग दुःखाच्या बाबतीत ती का चालावी?

आमच्या उपदेशक बंधूंस ह्यात कष्टाचा भाग आहे, हे आम्ही जाणतो. लोक त्यांच्याकडे उत्तराकरिता पाहतात, आणि गप्प बसणारा उपदेशक अडाणी समजला जाईल अशी भीती वाटते. तरीही आमची विनंती आहे की, जखमी माणसाच्या घरी जाल तेव्हा अर्थ बरोबर नेऊ नका. औषधाला पैसे आहेत की नाहीत ते विचारा. गुरांना वैरण कोण घालितो, मुले शाळेत जातात की नाही, ते पाहा. पाय गेला असेल तर १९६८ साली जयपूर येथे पंडित रामचंद्र शर्मा ह्या कारागिरांनी व डॉक्टर सेठी ह्यांनी सिद्ध केलेल्या जयपूर पायाची त्याला माहिती द्या. त्या पायाने अनवाणी शेतात चालता येते, मांडी घालून बसता येते, उकिडवे होता येते. आणि तो मोफत बसवून देणाऱ्या संस्था आहेत. रात्री झोप लागत नसेल, माणूस आपल्याशीच बोलत असेल, तर भूतबाधा म्हणून सोडून न देता त्याला डॉक्टरकडे नेण्याची खटपट करा. प्रार्थना करावयाची झाल्यास त्याला विचारून करा, आणि ती थोडक्यात करा.

एवढे करून पुन्हा जा. एक महिन्याने जा, सहा महिन्यांनी जा, कारण पहिल्या आठवड्यात सारा गाव येतो आणि पुढे कोणी येत नाही. कधी तरी, कदाचित दुसऱ्याच कोणत्या विषयावर बोलता बोलता, तो मनुष्य त्या दिवसाविषयी स्वतः बोलावयास लागेल. त्या वेळी त्याला मध्येच थांबवू नका आणि त्याचे वाक्य पुरे करू नका. त्याला जो अर्थ लागला असेल तो तो सांगेल. तो तुमच्या अपेक्षेप्रमाणे नसला तरी ऐकून घ्या. आणि अजून काही लागला नसेल, तर त्याच्या अंगणातील पडलेले कुंपण उभे करू लागा.